आस्क आणि त्याचे चुलतभाऊ

सरांना कुठलाही इंग्रजी शब्द एकटा आलेला चालत नसे. शब्द आला की त्याने आपलं सगळं खानदान सोबत आणलंच पाहिजे. क्लासच्या पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "बिग म्हणजे मोठा." सर खुर्चीत मागे रेलले. "बरं. मग लार्ज कोण होय? ग्रेट कोण होय? परके आहेत का ते?" मी म्हटलं, सगळ्यांचा अर्थ मोठाच की. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घरच्यांनाच नावं ठेवली असावीत. "एक नाहीत वं ते. चुलतभाऊ आहेत. लग्नात एका पंगतीले बसतात, पण घरं अलग अलग आहेत. बिग घरात राहते, लार्ज शर्टाच्या कॉलरवर राहते, अन् ग्रेट राहते भाषणात. दुकानात जाऊन ग्रेट साइजचा शर्ट मागून पहा एकदा, मग समजन तुले."

हिंगण्याच्या कंपन्यांतून क्लासला येणारी आम्ही पोरं-पोरी त्यांना पाठीमागे 'चुलतभाऊ सर' म्हणायचो. पुढे ते त्यांच्या कानावर गेलं. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी खोलीच्या दारावरची पाटीच तशी करायची का, म्हणून विचारलं. पाटी मात्र शेवटपर्यंत 'इंग्लिश क्लास' एवढीच राहिली.

खोली धरमपेठेत, सायकलच्या एका दुकानावर. सर मूळचे खाप्याचे. तिथल्याच शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर नागपुरात येऊन क्लाससाठी ही खोली घेतली. मे महिन्यात, डांबर पायाला चिकटतं अशा उन्हात, ते गळ्यात टाय बांधून आणि डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून चालत यायचे. कोणी हसलं तर म्हणत, "टाय इंग्रजीसाठी, दुपट्टा उन्हासाठी. ज्याचं त्याले." कन्हान नदीच्या अलीकडे-पलीकडे आपल्याएवढं इंग्रजी कोणालाच येत नाही, हे ते स्वतःच सांगत. तपासायला पलीकडचं कोणी आलं नाही, त्यामुळे आम्ही ते मान्य करून टाकलं होतं.

मी तेव्हा गाड्यांची वायरिंग बनवणाऱ्या एका कंपनीत लाईनवर होते. पहिली पाळी सुटली की कंपनीची बस मला धरमपेठेच्या चौकात सोडायची आणि तिथून क्लास दोन मिनिटांवर. त्या कंपनीत आज मी ज्या जागेवर आहे, ती मला सरांच्या एका शब्दामुळे मिळाली. त्याच जागेपायी माझा क्लास आणि सर दोन्ही सुटले. सर गेले त्याला दोन पावसाळे झाले, पण तो शब्द मी अजून रोज वापरते. म्हणून सरांबद्दल लिहायचं तर त्या शब्दापासूनच लिहावं लागतं.

शब्द होता 'आस्क'. मागणे, विचारणे, काय म्हणाल ते. सरांनी तो आम्हाला चहावर शिकवला. क्लासच्या मधल्या सुट्टीत खालच्या टपरीवरून चहाची किटली यायची. किटली सरांच्या टेबलावर. ज्याला चहा हवा त्याने उभं राहून इंग्रजीत मागायचा आणि कोणत्या शब्दाने मागितला त्यावर सर ठरवणार. 'रिक्वेस्ट' म्हटलं तर सर थोडा वेळ विचार करत. "रिक्वेस्टले नाही म्हणायची मुभा असते बरं का. मी आता विचार करून राहिलो." तोवर चहा निवायचा. 'डिमांड' म्हटलं की विचारत, "तुझा हक्क कोठून आला?" फोर्कलिफ्ट चालवणारा प्रफुल्ल नावाचा दांडगा गडी होता. तो एकदा छाती काढून म्हणाला, "आय डिमांड टी."

"काहून गा? चहा तुझ्या बापाचा आहे का?"

"चहा नाही सर, पण दूध माझं आहे. टपरीवाल्याचं दूध फाटलं होतं, मीच आणून दिलं."

सर खूश झाले. "मग डिमांड काहून म्हणतो? क्लेम म्हण. तुझं आहे अन् तुझ्याजवळ पुरावा आहे, तर तो क्लेम." आणि प्रफुल्लला त्या दिवशी दोन कप मिळाले. क्लेम हा शब्द मी तेव्हा शिकले. विम्याच्या कागदावर तो आधी पाहिला होता, पण तिथे त्याचा स्वभाव कळला नव्हता.

एकाच चुलतभावाला त्या खोलीत चहा नव्हता. तो म्हणजे 'बेग'. आम्ही सगळे शाळेत 'आय बेग टू स्टेट' घोटून आलेलो. तापासाठी रजा हवी तरी तेच, दाखला हवा तरी तेच. सर ते वाक्य ऐकलं की टाय सैल करत. "ताप तुले आला, रजा तुझ्या हक्काची, अन् भीक कोणाले मागून राहिली? बेग म्हणजे सगळं समोरच्याच्या हातात, तुझ्या हातात काहीच नाही. घर जळालं, लेकरू बुडून राहिलं, तेव्हा वापर. ताप आल्यावर नाही." त्यांची कसोटी साधी होती. कोणताही शब्द उचलण्याआधी पाहायचं, समोरच्याच्या हातात काय आहे आणि आपल्या हातात काय आहे. "हे पाहिलं की शब्द आपोआप पुढे येते," असं म्हणत. अर्थात आपोआप काहीच येत नसे. आम्ही चुकायचो आणि चहा निवायचा.

क्लासला मी बाकीच्यांपेक्षा अर्धा तास लवकर यायची. सरांनीच सांगितलं होतं. "तुझे उच्चार सुधरवायचे आहेत वं प्रणाली, रोज लवकर येत जा." मग मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. त्यानंतर शब्दकोशातला त्या दिवशीचा शब्द, त्याचे सगळे अर्थ, सगळे भाऊबंद. सर डोळे मिटून ऐकत आणि मधेच "पुन्हा" म्हणत. मला वाटायचं माझा उच्चार चुकला. हे बरेच महिने चाललं. एके दिवशी पेपर त्यांच्या हातात उलटा होता आणि ते तो गंभीरपणे चाळत होते. मी दारातच थांबले आणि ते थांबणं त्यांना ऐकू गेलं असावं.

"मधलं दिसत नाही आता," ते म्हणाले. "कडेचं दिसते. तुझे कान दिसून राहिले, नाक नाही. डॉक्टर म्हणते, हे असंच राहीन, वाढन. चष्म्यानं काही होत नाही."

"मग सर, मला आधीच सांगायचं ना. मी वाचलं असतंच."

"उच्चार तुझे खराबच होते," ते म्हणाले आणि विषय मिटवला. मला हसू आलं. सगळ्या गावाला मागायला शिकवणारा हा माणूस स्वतःला हवं ते मागत नव्हता. दुसऱ्याला देतो आहे असं दाखवून घेत होता. मला ते आवडलं, हे कबूल करते. मी पुढेही लवकर जात राहिले आणि माझे उच्चार सुधारतच नाहीत असं आम्ही दोघांनीही धरून चाललो. क्लासमध्ये हे कोणाला माहीत नव्हतं. सर फळ्यावर अक्षरं मोठी काढू लागले, एवढंच सगळ्यांना दिसलं.

आता माझ्या घराबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली. त्याआधी त्यांच्या गावात आमच्या लोकांनी टोपली घेऊन दारोदार जाऊन धान्य आणि उरलंसुरलं मागून आणायचं अशी रीत होती. दीक्षा घेऊन परत गेल्यावर आजोबांनी ती टोपली चुलीत घातली. पुन्हा कोणाच्या दारात हात पसरायचा नाही. या गोष्टीचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा दुसऱ्या कशाचाच नाही. पण आमच्या घरात पुढच्या दोन पिढ्यांत त्या नियमाचं काहीतरी भलतंच झालं. हात पसरायचा नाही याचं हळूहळू तोंड उघडायचं नाही असं झालं. शेजारून वाटीभर साखर मागायची नाही. बाबांनी नोकरीत कधी बदली मागितली नाही, बढती तर नाहीच. "काम दिसत असंन तं देतीन," असं म्हणत ते निवृत्त झाले. काम दिसत होतं. कोणी दिलं नाही.

कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टरची जागा निघाली, तेव्हा मीही बाबांसारखीच बसून होते. आमच्या लाईनचे इन्स्पेक्टर आजारपणात सारखे रजेवर असायचे आणि वर्षभर तयार झालेली वायरिंग मीच तपासत होते. खराब मालावर लाल टॅग मी लावायची, सही ते परत आल्यावर करायचे. आता ते सोडून गेले होते आणि ती जागा बाहेरून भरणार अशी कुजबुज होती. मला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की रात्री झोपेत टॅग लावायची. आणि मी कोणालाही काही म्हणत नव्हते.

सरांना मी हे सहज सांगितलं, पेपर वाचता वाचता. ते ताठ बसले.

"साहेबाले बोलली?"

"नाही. त्यांना दिसतं ना सर, काम कोण करतं ते."

"काहून नाही बोलली?"

मग मी त्यांना आजोबांची टोपली सांगितली. थोडी ताठ्यातच सांगितली. आमच्यात मागत नाहीत, म्हटलं. मला वाटलं सर गप्प होतील, कारण त्यावर सहसा लोक गप्पच होतात. सर गप्प झाले नाहीत.

"माझा बापही दीक्षेले त्याच मैदानात होता वं," ते म्हणाले. "मले नको शिकवू. त्या माणसांनी बेग सोडलं. आस्क नाही सोडलं. पाणी मागितलं, शाळा मागितली, बसायले बाकडं मागितलं. मागून नाही भेटलं तिथं डिमांड केलं. तुझ्या आजोबानं टोपली जाळली, जीभ नाही जाळली. एक चुलतभाऊ घराबाहेर काढला अन् तुम्ही लोकांनी सगळ्या खानदानाले दार लावून घेतलं."

मला राग आला. खरं सांगायचं तर खूप राग आला. आमच्या घराबद्दल बाहेरच्या माणसाने असं बोलावं, आणि ते बरोबर असावं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी गिळायला जड जातात. मी पेपर घडी करून ठेवला. सरांनी माझ्या रागाकडे लक्ष दिलं नाही. त्यांना फक्त माझे कान दिसत होते म्हणूनही असेल.

"शिफ्ट कोणती त्या जागेले?" त्यांनी विचारलं.

"जनरल. नऊ ते सहा."

सरांनी हात पुढे करून मी ठेवलेला पेपर चाचपला आणि त्याची घडी पुन्हा घातली. खाली दुकानात कोणीतरी सायकलची घंटी वाजवून पाहत होतं. मग म्हणाले, "ठीक आहे. उद्याच जाय. हातात काय आहे ते पाहून घे अन् शब्द नेमका घेऊन जाय."

त्या संध्याकाळी क्लासमध्ये माझ्या साहेबांवरच चर्चा झाली. प्रफुल्लचं म्हणणं, डिमांड. एक मुलगी म्हणाली, रिक्वेस्ट, म्हणजे साहेब चिडायचे नाहीत. सरांनी शेवटी विचारलं, "तिच्याजवळ पुरावा आहे का?" सगळे म्हणाले, आहे. "मग?" सगळ्यांनी मिळून सांगितलं, क्लेम. मी घरी आरशासमोर पूर्ण वाक्य इंग्रजीत बसवलं. आईने दोनदा विचारलं, कोणाशी भांडून राहिली म्हणून.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब डबा उघडून बसले होते. मला पाहून म्हणाले, "काय झालं? मशीन बंद पडली का?" लाईनवरचं माणूस त्यांच्याकडे तेवढ्यासाठीच जायचं. माझं ते आरशासमोरचं इंग्रजी तिथल्या तिथे वाफ झालं. आणि तरी पाय मागे गेला नाही, याचं मला आजही नवल वाटतं. वाक्य गेलं पण त्यातली ताठ मान राहिली. मी आमच्या बोलीतच बोलले.

"मशीन चालू आहे सर. इन्स्पेक्टरची जागा निघून राहिली, ती मले पाहिजे. वर्षभर ते काम मीच करून राहिली. लाल टॅग मी लावते, सही दुसऱ्याची असते. माझ्या हातून गेलेला एक तरी नग परत आला असंन तर दाखवा."

साहेबांचा घास हातात राहिला. मग ते जे म्हणाले, ते मी आमच्या घरी भिंतीवर लिहून ठेवायला हवं होतं. "अहो, मग आधी बोलल्या काहून नाही? मला वाटलं, तुम्हाला लाईनच आवडते."

बाबांच्या साहेबांनाही तसंच वाटलं असेल. अख्खी नोकरी.

परीक्षा झाली, मुलाखत झाली आणि जागा मला मिळाली. त्या संध्याकाळी मी क्लासमध्ये आलूबोंडे नेले. प्रफुल्लने इतक्या मोठ्याने अभिनंदन केलं की खालचा दुकानदार वर पाहायला आला. सरांनी टाय नीट केला आणि म्हणाले, "मले माहीत होतं." ते नेहमी तसंच म्हणत, पण त्या दिवशी ते खरंच माहीत असल्यासारखे बसले होते. सगळे गेल्यावर मी शब्दकोश कपाटात ठेवत होते. हात तसाच राहिला. सहाला सुटी, बस धरमपेठेत यायला सात. क्लास साडेसहाला संपतो.

"सर, क्लास उशिरा ठेवला तर?"

"दुसरी पोरं तोवर कोठी थांबतीन? त्यांची बस तुझ्या बसच्या कितीतरी आधी येते." ते अगदी सरळ बोलले. हिशेब त्यांचा आधीच झालेला होता.

"मग वाचायचं कसं?"

"तुझे उच्चार आता सुधारले," सर म्हणाले.

मी प्रफुल्लला सरांच्या डोळ्यांबद्दल सांगितलं आणि वाचायला बसवलं. तो बिचारा मनापासून वाचायचा. सर मला फोनवर सांगत, "तो वाचत नाही वं, घोषणा देते. खालून लोक विचारून राहिले मोर्चा कोठी आहे." रविवारी मी जायची, पण रविवारी सर खाप्याला पुतण्याकडे निघायच्या घाईत असत, त्यामुळे भेट अर्धीमुर्धी व्हायची. पुढे फळ्यावरची मोठी अक्षरंही एकमेकांवर चढू लागली. मग एक दिवस सरांनी किल्ली सायकलवाल्याला दिली आणि ते कायमचे खाप्याला गेले. कोणाला निरोपसमारंभ करू दिला नाही. मला वाईट वाटलं, पण कामावर जाताना पाय अडखळला असं काही झालं नाही. जागा मी क्लेम केली होती आणि ती नीट सांभाळायची होती. आज माझ्या हाताखाली दोन मुली आहेत. त्यांना काही हवं असलं की त्या माझ्यासमोर येऊन गप्प उभ्या राहतात. मी त्यांना काही देत नाही. तोंडाने बोलेपर्यंत थांबते. त्या मला पाठीमागे काय म्हणत असतील, त्याची कल्पना आहे.

सरांना शेवटचं भेटले ती खाप्याला, त्यांच्या पुतण्याच्या ओसरीवर. हिवाळा होता. टाय नव्हता, मफलर होता. मी गेले की पुतण्याची बायको पेपर आणून माझ्यापुढे ठेवायची, विचारायचीसुद्धा नाही. मी बातम्या वाचल्या, मग बाजारभाव, मग कुठल्याशा सिनेमाची जाहिरात. सर डोळे मिटून ऐकत होते आणि एकदाही "पुन्हा" म्हणाले नाहीत. त्यांचे हात फार बारीक झाले होते. ते पाहून माझं वाचणं थांबलं आणि इतकी वर्षं मनात होतं ते बोलून गेले.

"सर, तेव्हा एकदा म्हणायचं होतं, जाऊ नको म्हणून. मी लाईनवरच राहिले असते. रोज येऊन वाचलं असतं."

सरांनी मान थोडी वळवली. समोरचं माणूस कडेने दिसावं म्हणून ते शेवटी शेवटी तसे वळत.

"मले माहीत होतं नं वं," ते म्हणाले. "म्हणून तं म्हटलं नाही. वाच पुढं."